हातभर पुढं सरकलेलं बाकडं

आत्याच्या घरात पाण्याचा तांब्या दोन बोटं सरकला तरी कोर्टकचेरी व्हायची. रांजण दाराच्या डाव्या अंगाला, रांजणावर झाकणी, झाकणीवर तांब्या आणि शेजारी पालथा पेला. चपला भिंतीला टाचा लावून. मधल्या खोलीत वाटेवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. एकदा मी तिथं निवडायला घेतलेल्या तुरीचं सूप ठेवून उठले, तर आत्यानं असा आवाज काढला की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून धावत आली. मी नांदेडच्या घरात वाढलेली. तिथं ढीगभर भावंडं, आईची चूल, गिरणीचा भोंगा आणि दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पाळ्या. एखादी वस्तू जागेवर सापडली तर ती दुसऱ्याच्या घरची असावी अशी शंका यायची. म्हणून मी ठरवून टाकलं, की आत्याला लेकरू नाही, त्यामुळं ती भांड्यांना वळण लावत बसते. त्या वयात असली निदानं मी उठताबसता करायचे. एकही बरोबर यायचं नाही, पण त्यानं माझं काही अडायचं नाही.

मी लातूरला कशी आले, तर मॅट्रिकला गणितानं मला आडवी पाडली. नापास मुलीचं काय करायचं यावर घरात बराच खल झाला. दादा म्हणाले, "लातूरला बहिणीकडं ऱ्हाऊ दे हिला. तिला हातभार होईल, आन तिथं शिकवणी बी हाय." आई म्हणाली, "हातभार कसला, भार म्हणा." मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या, कारण आत्याच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तर या मामांच्या स्टुडिओत आपण गेलो, की आपला एखादा फोटो निघेल, तो कुणीतरी बघेल, आणि पुढं गणिताची गरज पडणार नाही, असा माझा हिशेब होता. गणितात मी नापास का झाले ते यावरून कळावं.

स्टुडिओ म्हणजे आत्याच्या घराचीच रस्त्याकडची खोली. खाली शहाबादी फरशी, समोर लाकडी स्टँडवर काळं फडकं पांघरलेला मोठा कॅमेरा, आणि भिंतीला लागून रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्याच्या दोन्ही काठांना पांढरी बदकं. लातुरात पाण्याची जी बोंब, त्यामुळं एवढं पाणी बघायला म्हणूनसुद्धा लोक येत असतील असं मी म्हणायचे. पडद्याच्या पुढं अगदी चिकटून एक बाकडं. घराच्या मागं अंगण, अंगणात लिंबाचं झाड, कपड्यांची दोरी, आणि आत्याची शेळी.

मामा उंच, हडकुळे, पांढऱ्या सदऱ्यातले. बोलणं कमी. गिऱ्हाईक आलं की ते आधी डाव्या हाताची मूठ डोळ्याला लावायचे आणि मुठीच्या फटीतून त्याच्याकडं बघायचे. मला ते फार ऐटबाज वाटायचं. मी आरशापुढं उभी राहून तशीच मूठ करून बघायचे. मग मामा म्हणायचे, "उन्हात चला," आणि माणसाला अंगणात नेऊन भर दुपारच्या उन्हात बसवायचे. तिथं काढलेल्या फोटोत सगळं म्हणजे सगळं स्पष्ट यायचं. नवरी स्पष्ट, तिच्या मागं लिंबाचं पान न् पान स्पष्ट, दोरीवरचा परकर स्पष्ट, शेळी तर अशी की तिच्या तोंडातला पाला मोजून घ्यावा. कुणी हौसेनं आपली म्हैस घेऊन आलं, तर तीही शिंगांसकट स्पष्ट. माझ्याजवळ नांदेडहून लपवून आणलेली सिनेमाची मासिकं होती. त्यात नट्यांचे चेहरे चांदण्यासारखे असायचे, आणि मागचं सगळं दुधात विरघळल्यासारखं. मी एकदा मासिक मामांच्या पुढ्यात नाचवत म्हणाले, "मामा, असं काढा ना. तुमच्या फोटोत माणसापेक्षा म्हैस जास्त दिसती."

मामा म्हणाले, "म्हैस त्यांचीच हाय. दिसली तर बिघडलं काय?"

आत्या चुलीपुढून ओरडली, "सुमे, लई शाणी हायस. ते मासिक पुन्हा दिसलं तर चुलीत घालीन."

मामांनी मासिक हातात घेतलं होतं. पान उलटं होतं. मला वाटलं, माझी थट्टा करतायत.

(माझी नात नांदेडला कॉलेजात जाते आणि तिच्या फोनमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की माझ्या मागची भिंत, कपाट, औषधांच्या बाटल्या, सगळं धुरकट होतं आणि मी एकटीच सुरकुत्यांसकट उरते. "याला डेप्थ ऑफ फील्ड कमी करणं म्हणतात, आजी. तुला नाही कळायचं." मी मान हलवली. कळायचं तेवढं कळून माझे केस पांढरे झाले आहेत, पण तिच्या शाणपणात मला माझंच थोबाड दिसतं, म्हणून मी बोलत नाही.)

जेवायला बसलं की आत्या वाढता वाढता बडबडायची. "कोरड्यास पल्याड वाढलंय. चटणी डाव्या अंगाला, जपून, तिखट झालीया. भाकर गरम हाय, बोटं पोळतील." शेंगदाण्याची चटणी, कोरड्यासाला तुरीचं घट्ट वरण, कधी धपाटे, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. जेवण असं की अजून जिभेवर आहे, पण ती बडबड ऐकून मला हसू यायचं. ताटात काय आहे ते माणसाला दिसत नाही का? ती चालतानाही जोडवी फरशीवर आपटत चालायची, दारात आली की खाकरायची. मी नांदेडच्या मैत्रिणींसाठी तिची नक्कल बसवून ठेवली होती. चांगली बसली होती.

आमच्या वस्तीत जयंती म्हटलं की कुणाची, हे विचारावं लागत नाही. आधीचे दिवस चुन्याच्या वासाचे. घरोघर भिंती पांढऱ्या व्हायच्या, निळे झेंडे शिवले जायचे, ज्याला जमेल तो पांढरे नवे कपडे घ्यायचा. आणि नवे कपडे अंगावर आहेत तोवर सगळं घर फोटोला यायचं. वर्षभर स्टुडिओ कसाबसा चालायचा. जयंतीच्या फोटोंवर घराचे पुढचे कितीतरी महिने निघायचे. त्या वर्षी आत्या विहारात खिरीच्या कामाला गेली आणि जाताना मला म्हणाली, "स्टुडिओच्या भिंतीला चुना दे. पडदा काढून ठिव, वाळल्यावर लाव. आन बाकड्याला हात लावायचा न्हाई."

आता बाकडं न हलवता त्याच्यामागची भिंत कशी रंगवायची, हे तिनं सांगितलं नाही. मी बाकडं ओढलं, भिंत रंगवली, पडदा लावला. पण चुना नीट वाळला नव्हता, पडद्यावरही थोडा लागला होता. पांढऱ्या शुभ्र नव्या कपड्यांना पाठीमागं चुन्याचे पट्टे नकोत, म्हणून मी बाकडं हातभर पुढंच ठेवलं, फरशीच्या जोडाशी सरळ करून. त्याच्या पायांखाली फरशीत चार खाचा होत्या. त्या मला दिसल्या. कुणीतरी टाकीनं खोदल्यासारख्या. म्हटलं, फरशी जुनी आहे. त्यांवरही चुन्याचे थेंब पडले होते, ते मी पुसून काढले आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश झाले.

जयंतीला ऊन असं होतं की अंगणात कुणी बसायला तयार होईना. लोक दिवेलागणीला आले, मिरवणुकीच्या आधी. शेवंताबाई आल्या, सगळ्या वस्तीला ज्यांच्या जिभेचं भय होतं त्या, आणि त्यांचा मुलगा मिलिंद. त्याला नुकतीच जळकोटला मास्तरची नोकरी लागली होती आणि जाण्याआधी आईला सगळ्या घराचा फोटो हवा होता. मी केसांना वासाचं तेल लावून, उगाच दिव्यांच्या तारा नीट करत, त्याच्या नजरेच्या वाटेत येत-जात होते. त्यानं एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "जरा बाजूला सरकता का, दिवा अडतोय." एवढ्यावर मी कित्येक रात्री काढल्या. मामांनी काळ्या फडक्याखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, काचेचं झाकण काढलं, लावलं. घरामागून घर बाकड्यावर बसलं आणि उठलं. स्टँडचे पाय फरशीतल्या त्यांच्या खळग्यांत होते. सगळं जागच्या जागी होतं, माझं बाकडं सोडून.

फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत मामा एरवी नसतील इतके चपळ असायचे. तिथं सगळेच आंधळे, त्यात तेच हुशार. फोटो धुऊन झाले, उजाडता मधल्या खोलीतल्या दोरीवर लागले, आणि मी बघायला गेले. बदकं इतकी सुरेख कधी आली नव्हती. पिसं मोजावीत. तळ्यातली लाट न् लाट. आणि त्यांच्यापुढं, बाकड्यावर, पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाफेसारखी. नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता नाही. पहिला फोटो तसा, दुसरा तसा, दोरीच्या टोकापर्यंत सगळे तसेच.

मी म्हणाले, "मामा, हे काय झालंय?"

"काय झालंय?" त्यांनी एक फोटो काढून डोळ्यांजवळ नेला, इतका जवळ की ओला कागद पापणीला लागला. मग तिरका धरला. मग मूठ केली. मग दुसऱ्या हाताचं बोट फोटोवरून फिरवलं, जसं आपण कापडाची वीण बघतो तसं. मी ते बघत उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, थट्टा करतायत. नंतर तसं वाटणं बंद झालं.

आत्या दारात आली. दोरीकडं बघितलं, मग स्टुडिओत जाऊन आली. हळू विचारलं, "बाकडं कुणी हलवलं?" ती नेहमीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "चुना लागू नये म्हणून..."

"तिला काय ठाऊक," मामा म्हणाले. "आपण कुटं सांगितलं?" आणि मला म्हणाले, "सुमे, एक बोट डोळ्याजवळ धर. नाकाच्या शेंड्याइतकं. कसं दिसतंय?"

"गढूळ."

"आता मूठ आवळ, सुई जाईल एवढीच फट ठिव, आन त्यातनं बग."

मी बघितलं. बोटावरच्या रेघा दिसल्या. आणि त्याच फटीतून, त्याच वेळी, खिडकीबाहेरचा लिंबही दिसला.

"कॅमेऱ्याचं बी तेच," मामा म्हणाले. "भोक आवळलं की जवळचं, लांबचं, सगळं पदरात घेतंय. पण त्याला उजेड लई लागतो. म्हणून ऊन. आत दिव्याखाली भोक मोठं सोडावं लागतंय. मग त्याला एवढीशीच जागा दिसती. त्या जागेत बसला तो आला, हातभर पुढं सरकला तो गेला. ती जागा मी फरशीत खोदून ठिवली व्हती. डोळ्याला धरता येत व्हती तवाच." मग मूठ उघडून तळहाताकडं बघत म्हणाले, "आधी मुठीतनं माणूस वळखायचो. आता मूठच दिसती."

ते दोघं अधूनमधून नांदेडला आमच्याकडं यायचे, आणि सकाळीच कुठंतरी जाऊन दुपारी परतायचे. आई म्हणायची, नणंदेला आमच्यापेक्षा बाजार प्यारा. बाजार नव्हता. डोळ्यांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नस सुकत चाललीय, आणि तिला औषध नाही.

"कुणाला बोलायचं न्हाई," आत्या म्हणाली. "तुझ्या दादाला बी न्हाई. आंधळ्याकडं फोटो काढाया कोण येतंय?"

मी हो म्हणाले. हो म्हणायला काय लागतं. मला तेव्हा आठवत होती ती माझी नक्कल: जोडवी आपटत चालणं, चटणी डाव्या अंगाला. ती मी पुन्हा कधी केली नाही, हे काही मोठेपणानं नव्हे. करायला गेले की मामांची मूठ डोळ्यांपुढं यायची.

फोटो न्यायला शेवंताबाईच सगळ्यात आधी आल्या, मिलिंदला घेऊन, आणि त्यांच्यामागं अर्धी वस्ती. फोटो हातात घेऊन त्यांनी लांब धरला, जवळ धरला, आणि मामांना विचारलं,

"का वं, गंगारामदादा? बदकं लई झ्याक आलीत. आमी कुटं हाव? आमी काय बदकांचा फोटो काढाया आलतो व्हय?"

मागं हशा झाला. मिलिंद हसला नाही. तो मामांकडं बघत होता, आणि त्याच्या आवाजात खरी काळजी होती, तेच वाईट होतं. "मामा, तुमच्या डोळ्याला काही त्रास आहे का?"

हसणं थांबलं. मामा दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी आत्या बोलली.

"डोळ्याला काय धाड भरली? ह्या पोरीनं चुना उडवला काचेवर. फडकं झाकायची अक्कल न्हाई."

सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. शेवंताबाई म्हणाल्या, "तरीच नापास झाली." माझे कान तापले. मी काचेला बोट लावलं नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. आणि मी काही फार थोर मुलगी नव्हते. ते वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

त्यात मिलिंद. मास्तर शेवटी मास्तरच. फोटो निरखत म्हणाला, "पण काचेवर चुना उडाला असता, तर बदकंसुद्धा पुसट यायला पाहिजे होती."

मामांचा चौकटीवरचा हात मला दिसत होता, बोटं लाकडात रुतल्यासारखी. आत्ता कुणी काही बोललं नाही, तर पुढच्या क्षणी ते स्वतः बोलणार, हे मला कळलं.

"मधोमध उडाला होता," मी म्हणाले. "काचेच्या मधोमध. बदकं कडेला आहेत ना. म्हणून ती वाचली."

हे कुठून आलं कोण जाणे. मॅट्रिकच्या पेपरात भूमितीनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नव्हतं. मिलिंदनं फोटो बघितला, बदकं बघितली, मग मला बघितलं. पहिल्यांदाच नीट. "आणि तुम्हाला पुसता नाही आला?"

"दिसला नाही," मी म्हणाले. "माझंच लक्ष नव्हतं."

"लक्ष कुटं असतंय तिचं," शेवंताबाई म्हणाल्या, "समद्यास्नी ठाऊक हाय." पुन्हा हशा. त्या हशात मामांचा हात चौकटीवरून खाली आला. (मिलिंदचं पुढं काय झालं म्हणाल, तर त्यानं गणितात पास झालेल्या मुलीशी लग्न केलं. सुखी आहे असं ऐकते.)

मामा म्हणाले, "उद्या दुपारी या समदे. नवे कपडे घालून. उन्हात काढू."

"ह्या उन्हात? भाजून काढता का आमाला?" असं म्हणत म्हणत सगळे आले. अंगणात लिंबापुढं बाकडं, आणि मामांनी भोक आवळता येईल तितकं आवळलं. मी एका घराला उठवायचे, दुसऱ्याला बसवायचे, मामांच्या कानाशी सांगायचे, बसले, हात मांडीवर आहेत, लहानगी हलायलीय. ते झाकण काढायचे. त्या वर्षीचे जयंतीचे फोटो अजून लोकांच्या घरी आहेत. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मागं लिंब, दोरी, दोरीवर आत्याचा परकर, आणि शेळी, सगळं लख्ख. आणि एकूण एक माणूस डोळे बारीक करून बघतोय. शेवंताबाईंचे तर डोळे आहेत की नाहीत तेच कळत नाही. सगळी वस्ती मुठीच्या फटीतून बघितल्यासारखी. परकरावरून त्या भांडल्या, पण फोटो घेऊन गेल्या. स्टुडिओ राहिला.

शेवटी एका फोटोपुरती फिल्म शिल्लक होती. मी म्हणाले, "मामा, तुम्ही दोघं बसा. मी काढते." आत्या लाजली, पदर नीट केला, बसली. मामा शेजारी बसले, ऊन समोरून तोंडावर. मी झाकण काढलं, लावलं.

तो फोटो मी माझ्या हातानं धुतला. तो आज माझ्यापुढं आहे. नात म्हणते, मागं फार गर्दी आहे, शेळी काढून टाकता येईल. मी म्हटलं, शेळीला हात लावशील तर बघ. फोटोत आत्यानं डोळे असे मिटत आणलेत की कपाळाला आठ्या पडल्या आहेत. आणि तिच्या शेजारी मामा. लातूरचं भर दुपारचं ऊन थेट तोंडावर, आणि त्यांचे डोळे सताड उघडे. चांदण्यात बसावं तसे.

तेव्हा तो ओला फोटो मी खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. त्यांनी आम्हाला सांगितलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त नजर गेली होती. आत्यानं माझ्या हातातून फोटो घेतला, बघितला, आणि पेटीत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. मग ती शेळीला पाला घालायला गेली, आणि परत यायला तिला फार वेळ लागला.

संध्याकाळी चूल मी पेटवली. भाकरी वाकड्यातिकड्या झाल्या. तांब्या झाकणीवर ठेवला, पेला पालथा घातला, मधल्या वाटेवरचं सूप उचललं. मामा जेवायला बसले. मी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाले, "मामा, कोरड्यास पल्याड हाय. चटणी डाव्या अंगाला."

मामांचा हात ताटाच्या काठाशी थांबला.

"तू बी आता आत्यासारखी बोलायलीस," ते म्हणाले, आणि त्यांनी भाकर मोडली.